उरलेली डॉक्सी सासूबाईंना द्यायची का?

ठाण्यातल्या राबोडीच्या एका ताईंनी विचारलंय: ‘मंगळवारी रात्री आमचे हे वंदना टॉकीजपासून घरापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आले. टाचांना भेगा आहेत. बुधवारी जवळच्या मेडिकलमधून डॉक्सीसायक्लिन १०० ची दहाची स्ट्रिप आणली, चिठ्ठी नव्हती. दुकानदार म्हणाला, दोन एकदम घ्या. ह्यांनी रात्री अकराला घोटभर पाण्याबरोबर दोन घेतल्या आणि लगेच आडवे झाले. पहाटेपासून छातीत जळजळतंय, घास गिळताना दुखतंय. आता आठ गोळ्या उरल्यात. सासूबाईंना दोन दिवस ताप आहे, अंग ठणकतंय, त्यांना त्यातल्या द्याव्यात का? वय ६८, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चालू आहे, हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळीही आहे. सहा वर्षांचा मुलगाही त्या दिवशी सोसायटीतल्या पाण्यात खेळला. त्याला अर्धी चालेल का?’

मी फार्मासिस्ट आहे. नौपाड्यात २८ वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. जून ते सप्टेंबर हा प्रश्न थोड्याफार फरकानं रोज समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी सासूबाई. ती स्ट्रिप बाजूला ठेवा आणि त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. रविवार असला, दवाखाना बंद असला तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात न्या, पण उद्यावर टाकू नका. पावसाळ्यातला ताप बाहेरून सगळा सारखाच दिसतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप), टायफॉइड, साधा फ्लू, सगळ्यांची सुरुवात अंगदुखी आणि डोकेदुखीनंच होते. डेंग्यू व्हायरसनं होतो, त्यावर डॉक्सीसारख्या अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. मलेरियाच्या उपचारात डॉक्सी कधीकधी असते, पण दुसऱ्या औषधाच्या जोडीनं. एकटी दिली तर ती फार सावकाश काम करते आणि तेवढ्या वेळात मलेरिया हाताबाहेर जाऊ शकतो. शिवाय रक्त तपासायच्या आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं, तर कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, जंतू वाढत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ येतो, ताप मात्र तसाच राहतो, आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं.

त्यांच्या बाबतीत आणखी मोठं कारण आहे ती रक्त पातळ करायची गोळी. व्हॉल्व्ह बदललेल्यांना आपल्याकडे बहुतेक ॲसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन देतात. त्यांच्याबरोबर डॉक्सी घेतली तर रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर निळे डाग पडणं, लघवी लाल होणं ही त्याची लक्षणं. त्यात ताप डेंग्यूचा निघाला आणि प्लेटलेट उतरल्या, तर संकट दुप्पट होतं. गरज असेल तर डॉक्टर त्यांना डॉक्सी देतीलही, पण मग आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लवकर तपासतील आणि लागल्यास पातळ करायच्या गोळीचा डोस बदलतील. घाबरून ती गोळी तुम्ही परस्पर बंद मात्र करू नका. कृत्रिम व्हॉल्व्हवर गुठळी होणं याहून वाईट. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तापाला पॅरासिटॅमॉल द्या, तेही नेहमीच्या प्रमाणात. अंग फार दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ती ‘पेनकिलर मिसळलेली’ तापाची गोळी देऊ नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, लेप्टोत किडनीवर ताण येतो, आणि त्यांच्या रक्ताच्या गोळीशीही त्या जुळत नाहीत.

निघताना सासूबाईंच्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घाला. हे मी मुद्दाम सांगते. ‘एक छोटी पांढरी गोळी आहे, रात्री घेतात’ असं मला दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळतं. छोट्या पांढऱ्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्यांनी आहेत. नाव आठवत नसेल तर स्ट्रिपच आणा. कापून आणलेली असेल आणि नावाचा तुकडा दुकानातच राहिला असेल, तर मागचं बिल आणा.

आता तुमच्या ह्यांच्याकडे येते. डोस चुकला नव्हता, हे आधी सांगते म्हणजे धास्ती कमी होईल. साचलेल्या पाण्यातून आल्यावर लेप्टोपासून बचावासाठी मोठ्या माणसाला ७२ तासांच्या आत २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या देतात. मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याचं आवाहन दर पावसाळ्यात याच धर्तीवर असतं. मंगळवारी पाणी, बुधवारी रात्री गोळी, म्हणजे वेळेतही बसलं. चूक झाली ती गिळण्यात.

ही गोष्ट मी काउंटरवर हातात धरून दाखवते, तुम्हीही घरी करून पाहा. कोणतीही रिकामी कॅप्सूल ओल्या बोटांच्या चिमटीत धरा. जरा वेळात ती बोटाला अशी चिकटते की झटकली तरी सुटत नाही. अन्ननलिकेत नेमकं हेच होतं. घोटभर पाण्यानं कॅप्सूल घशाखाली उतरते, आपल्याला वाटतं पोटात गेली. माणूस लगेच आडवा झाला की ती छातीच्या मधोमध भिंतीला चिकटून बसते. झोपेत लाळ गिळणं कमी होतं, त्यामुळे तिला खाली ढकलायलाही काही नसतं. डॉक्सी विरघळली की त्याचं पाणी चांगलंच आंबट, आम्लधर्मी होतं. ते एकाच जागी तासन्‌तास मुरलं की तिथे जखम होते. गोळीही अशीच अडकू शकते, कॅप्सूल जास्त.

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. मुरमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी डॉक्सी लिहिली होती. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ होतं, मीही तेवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, पोरगा थुंकीसुद्धा गिळत नाही, हृदयाचं काही आहे का? ईसीजी काढून झाला होता. शेवटी दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा अन्ननलिकेत जखम निघाली. तो रात्री अभ्यास संपला की पाण्याशिवाय, नुसती जिभेवर ठेवून गोळी गिळायचा आणि लगेच झोपायचा. मी सांगितलेलं एक वाक्य त्या मुलाचा आठवडाभराचा त्रास वाचवू शकलं असतं. तेव्हापासून डॉक्सीची स्ट्रिप हातात देताना मी तीन गोष्टी म्हणून घेते आणि समोरच्याकडून वदवूनही घेते: पेलाभर पाणी, बसून किंवा उभ्यानं, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पेलाभर म्हणजे खरोखर पूर्ण पेला, दोनशे मिलिलिटर तरी. आधी एक घोट घ्या, घसा ओला करा, मग गोळी, मग उरलेलं सगळं पाणी. रात्रीची गोळी झोपताना घेऊच नका. साडेआठला जेवून घेतली आणि अकराला झोपलात तर प्रश्नच येत नाही.

त्यांची जळजळ अशीच झाली असावी असं मला वाटतं, पण छातीत दुखतंय म्हटल्यावर मी ते दुरून ठरवणार नाही. त्यांनाही सासूबाईंबरोबरच डॉक्टरांना दाखवा. दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर गोळीचं नाव काढून वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पाणीही गिळता येत नसेल, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तरी तेच. डॉक्टरांना दाखवेपर्यंत मऊ भात, वरण, थंडसर पेज असं खायला द्या. मिरची, लोणचं, कडक गरम चहा चार दिवस नको. बहुतेकांची जखम गोळी थांबल्यावर काही दिवसांत भरते.

टाचेच्या भेगा डॉक्टरांना आवर्जून दाखवा. लेप्टोचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि खरचटलेल्या कातडीतून, भेगांतून, डोळ्यातोंडातून शरीरात शिरतात. जखम होती का, पाण्यात एकदाच उतरलात की रोज उतरावं लागतं, यावर एक डोस पुरे की आणखी लागतात हे ठरतं. म्हणूनच उरलेल्या आठ गोळ्या आत्ता फेकू नका, बरोबर न्या. डॉक्टरांनी पुढचे डोस सांगितले तर त्याच वापरता येतील, आणि कसलं औषध पोटात गेलंय हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

मुलाला अर्धी गोळी देऊ नका. आठ वर्षांखालच्या मुलांत पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात. टेट्रासायक्लिन जातीची औषधं (डॉक्सी त्यातलीच) दातांतल्या कॅल्शियमला चिकटून त्यात कायमची बसतात. पन्नाशी-साठीतल्या काही माणसांच्या दातांवर करड्या-पिवळ्या आडव्या रेघा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी टेट्रासायक्लिनचं औषध पाजलेलं असतं. त्या रेघा घासून जात नाहीत. डॉक्सी त्या मानानं सौम्य आहे. थोड्या दिवसांच्या कोर्सनं दात बिघडत नाहीत असं आता दिसून आलंय, आणि जिवावर बेतणाऱ्या काही तापांत, उदाहरणार्थ स्क्रब टायफसमध्ये (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापात), बालरोगतज्ज्ञ लहान मुलांनाही ती बिनदिक्कत देतात. पण तो त्यांचा निर्णय असतो, मुलाचं वजन करून घेतलेला. पाण्यात खेळलेल्या लहान मुलाला बचावासाठी काही द्यायचं झालं तर सहसा दुसरं अँटिबायोटिक, ॲझिथ्रोमायसिन, वजनाच्या हिशेबानं देतात. आज डॉक्टरांकडे जाताच आहात, त्यालाही न्या. गरोदर बाईलाही लेप्टोच्या भीतीनं घरातली डॉक्सी देऊ नये, तिच्या डॉक्टरांना विचारावं.

आता खाण्यापिण्याचं, कारण आपल्या घरांत इथेच सगळा घोळ होतो.

‘अँटिबायोटिक गरम पडतं, वर दूध घे.’ हे वाक्य मी आईकडून ऐकलंय, सासूकडून ऐकलंय, गिऱ्हाइकांकडून तर रोज ऐकते. मायेनं म्हटलेलं असतं. पण डॉक्सीच्या बाबतीत दूधच नको. दुधातलं कॅल्शियम पोटात या औषधाला धरून बसतं, दोघांचा मिळून एक असा गठ्ठा होतो की आतड्यातून रक्तात जातच नाही. जुन्या टेट्रासायक्लिनचं दुधानं फारच नुकसान व्हायचं, डॉक्सीचं तेवढं होत नाही. साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. पण मुळात औषध घेतोय, तर त्यातला पाचवा भाग का घालवायचा? गोळी गिळायची ती साध्या पाण्याबरोबर. हळदीचं दूध, लस्सी, ताक, नाचणीचं सत्त्व, मुलांची ती कॅल्शियमवाली दुधाची पावडर, हे सगळं दोन तास अलीकडे किंवा पलीकडे. नाचणी मी वेगळी सांगते, कारण आजारी माणसाला हलकं म्हणून सकाळी नाचणीची आंबीलच देतात आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. चहातलं चमचाभर दूध फारसं मनावर घेऊ नका, फक्त गोळी चहाबरोबर गिळू नका.

‘गरम पडतं’ म्हणजे लोकांना जे जाणवतं ते खोटं नाही. डॉक्सी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, पोटात ढवळतं, कधी उलटीही होते. त्यावर उपाय दूध नाही, जेवण आहे. पोहे, उपमा, भाजी-पोळी, वरणभात, काहीही पोटभर खा आणि मग गोळी घ्या. जेवणानंही औषध थोडं कमी शोषलं जातं, पण उलटून पडण्यापेक्षा ते परवडलं. श्रावण चालू असला की सोमवारी माझ्याकडे हमखास कोणीतरी येतं: उपास होता, सकाळी नुसत्या पाण्यावर गोळी घेतली आणि ओकारी झाली. कोर्स चालू असताना उपास धरू नका. अगदीच धरायचा असला तर गोळीच्या आधी वाटीभर साबुदाण्याची खिचडी तरी पोटात असू द्या, दूध-केळं नको.

दुधापेक्षा खरी काळजी लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधांची. लोह डॉक्सीला घट्ट पकडतं. जेलुसिल, डायजीनसारख्या औषधांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, तेही तसंच. गंमत अशी होते की डॉक्सीनं छातीत जळजळलं की माणूस आधी तीच बाटली उघडतो, आणि पुढची गोळी त्यावरच घेतो. जुलाबावर ओआरएसबरोबर दिलेल्या झिंकच्या गोळीचंही तेच. नुसतं ओआरएस मात्र चालतं. या सगळ्यांत आणि डॉक्सीत निदान दोन-तीन तास अंतर ठेवा, लोहाच्या बाबतीत जास्त जमलं तर उत्तम. सासूबाईंना डॉक्टरांनी खरंच डॉक्सी दिली तर त्यांना विचारा, कॅल्शियम आणि लोह कोर्सचे तेवढे दिवस थांबवू का? बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, कारण आठवडाभरानं हाडांचं किंवा हिमोग्लोबिनचं काही बिघडत नाही. नाही म्हणाले तर वेळा अशा लावा: सकाळी आठला नाश्ता करून डॉक्सी, दुपारी एकला जेवणाबरोबर कॅल्शियम, साडेचारला लोह, रात्री साडेआठला जेवून डॉक्सी. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. त्यांना वाचायला त्रास होत असेल तर दोन डब्या करा, एक सूर्य काढलेली, एक चंद्र काढलेली. हा उपाय माझ्या एका वयस्कर गिऱ्हाईक आजींनी मला शिकवला.

लेप्टो सिद्ध झाला किंवा दाट शंका असली आणि आजार सौम्य असला, तर मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काही असेल तर तो गोळ्यांनी घरी बरा करायचा आजार राहत नाही, हॉस्पिटलात इंजेक्शनं लागतात. एक गोष्ट मात्र नातेवाइकांना आधीच ठाऊक हवी. लेप्टोत पहिला डोस गेल्यावर काही तासांत ताप उलट चढू शकतो, हुडहुडी भरू शकते. जंतू मरताना त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे हे होतं. लोक म्हणतात, औषध उलटलं, आणि गोळी बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. पण अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला, तर ती ॲलर्जी. तेव्हा गोळी बंद आणि ताबडतोब हॉस्पिटल.

कोर्स पूर्ण करा असं आम्ही सगळेच म्हणतो, पण का, हे कोणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, कारण जंतूंची संख्या खूप घटलेली असते, शून्य झालेली नसते. डॉक्सी जंतूंना सरळ ठार मारत नाही. ती त्यांचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडते, वाढ थांबते, आणि उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. औषध मध्येच काढलं तर तो कारखाना पुन्हा सुरू होऊ शकतो. दुसरी बाजूही तितकीच खरी. गरज नसताना घेतलेली प्रत्येक गोळी आतड्यातल्या कोट्यवधी निरपराध जंतूंवरही पडते. त्यातले जे तगतात ते औषधाला पुरून उरायला शिकलेले असतात, आणि ती विद्या ते दुसऱ्या जंतूंना देऊही शकतात. म्हणून डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच, ना दोन कमी, ना चार जास्त. एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत.

उन्हाचं थोडक्यात. डॉक्सीवर असताना कातडी उन्हाला लवकर भाजते, ढगाळ दिवशीही. अंगभर कपडे, छत्री, पुरे. मुरमांसाठी महिनोन्‌महिने ही गोळी घेणाऱ्या मुलामुलींना हे जास्त लागू. आणि त्यांच्यासाठी आणखी एक, हे खरंच गंभीर आहे: मुरमांचीच दुसरी गोळी, आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सीबरोबर कधीही घ्यायची नाही. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. सतत डोकं दुखणं, धूसर किंवा दुहेरी दिसणं असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एका डॉक्टरांची एक चिठ्ठी, मैत्रिणीनं सुचवलेली दुसरी गोळी, अशी ही जोडी जमते. फिटसाठी कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन, टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर उलट होतं, डॉक्सी शरीरातून लवकर निघून जाते. हेही डॉक्टरांना सांगायला हवं. कोर्स चालू असताना किंवा नंतर पाण्यासारखे, रक्ताचे जुलाब लागले तर घरच्या घरी जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका.

या औषधाबद्दल मला आदर आहे, तोही सांगते. टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध, सोनेरी रंगाचं ऑरिओमायसिन, १९४८ साली जगासमोर आलं. ते अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत सापडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. डॉक्सी १९६७ मध्ये बाजारात आली. इतकी वर्षं झाली तरी स्वस्त आहे, दिवसातून एकदा-दोनदा घेऊन पुरते, आणि किडनी अधू असलेल्यालाही सहसा डोस न बदलता देता येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या महिन्यात लेप्टोचे रुग्ण वाढत गेले, तेव्हा काउंटरवर मीच उभी होते. या गोळीनं किती घरं सावरली ते मी पाहिलंय. म्हणूनच ती चणे-फुटाण्यांसारखी वाटलेली मला बघवत नाही.

स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. डॉक्सी शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, कायदाही तेच सांगतो. तुम्हाला ज्या दुकानानं चिठ्ठी न बघता दहाची स्ट्रिप दिली, त्यांनी दोन गोळ्यांच्या गरजेपोटी आठ गोळ्या तुमच्या कपाटात पाठवल्या, आणि त्या आठ गोळ्यांमुळेच आज सासूबाईंचा प्रश्न उभा राहिला. मी चिठ्ठी मागते तेव्हा काही माणसं चिडून पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत. पाण्यातून आलेल्या माणसाला मी जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्राचा पत्ता सांगते. तिथे डॉक्टर तपासून लिहून देतात.

डॉक्टरांनी त्या आठ गोळ्या लागणार नाहीत असं सांगितलं, तर त्या पुढच्या पावसाळ्यासाठी जपू नका. ओलसर हवेत, गॅसजवळच्या फडताळात ठेवलेली औषधं बिघडतात, आणि मुदत संपलेल्या जुन्या टेट्रासायक्लिननं किडनीला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. स्ट्रिपमधून काढा, चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये सोडू नका.

शेवटचं काम तुमच्या ह्यांचं. गोळी घेतली म्हणून लेप्टो होणारच नाही असं नाही, शक्यता कमी होते इतकंच. पाण्यातून आल्यावर आजार साधारण पाच ते चौदा दिवसांत दिसतो, कधी महिनाही लागतो. तेव्हा कालनिर्णयवर त्या मंगळवारच्या चौकोनात ‘पाणी’ असं लिहा आणि पुढचे चार आठवडे लक्ष ठेवा. या काळात अचानक ताप, पोटऱ्या दाबल्यावर जीव जाईल असं दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य तेच म्हणायला सांगा: अमुक तारखेला मी गुडघाभर पाण्यातून चाललो होतो, टाचांना भेगा होत्या, दुसऱ्या दिवशी दोन डॉक्सी घेतल्या होत्या.